जॅझ ऐकताना रागसंगीताची फूटपट्टी लावावी का?

धंतोलीकर (धागाकर्ते)

ख्याल ऐकत वाढलेल्या आणि डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहातल्या मैफिली सहसा न चुकवणाऱ्या माझ्यासारख्या नागपूरकराला जॅझकडे वळायचे असेल, तर त्याने माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून सुरुवात करावी आणि ती आपले रागदारीचे कान बाजूला ठेवून नव्हे, तर त्यांच्याच आधाराने करावी, असे माझे मत आहे. हा अल्बम १९५९ च्या मार्च आणि एप्रिलमधील दोन दिवसांत न्यू यॉर्कला ध्वनिमुद्रित झाला. त्याआधीच्या बीबॉप या वेगवान जॅझशैलीत कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) इतक्या भराभर बदलत, की वादकाला त्यांच्यामागे धावावे लागे. डेव्हिस यांनी ती गर्दी हटवली आणि वादकांना एकेका स्वरावलीत निवांत राहू दिले. त्यातल्या ‘सो व्हॉट’ या रचनेची डोरियन नावाची पाश्चात्त्य स्वरावली म्हणजे आपला काफी थाटच (थाट म्हणजे रागांच्या वर्गीकरणाचा स्वरसंच), कोमल गंधार आणि कोमल निषाद असलेला. दोन-तीन स्वरांत रेंगाळत, मध्ये रिकामी जागा सोडत डेव्हिस ट्रम्पेट वाजवतात, तेव्हा विलंबित ख्यालाची बढत ऐकलेल्या माणसाला परकेपणा वाटत नाही. मे महिन्यात रात्री कूलर बंद करून, घामाने भिजत मी हा अल्बम ऐकला आहे, कारण त्यातली शांतता त्या घरघरीत हरवू द्यावीशी वाटत नाही.

जॉन कोलट्रेन यांचा ‘अ लव्ह सुप्रीम’ तर मला प्रार्थनाच वाटतो. डिसेंबर १९६४ मध्ये मुद्रित झालेल्या या चार भागांच्या रचनेत बासवर (खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर) चार स्वरांचे एक छोटे वाक्य येते आणि कोलट्रेन सॅक्सोफोनवर ते नाना पट्ट्यांतून फिरवत राहतात. रविशंकरांच्या नावावरून त्यांनी आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले होते. दोन्ही संगीतांतले हे नाते मी कल्पनेने जोडलेले नाही.

उत्तररात्र

धंतोलीकर, आपली आवड मलाही मान्य आहे, पण आपण सुचवलेल्या वाटेशी मी मुळीच सहमत नाही. थाट म्हणजे राग नव्हे, हे आपल्यासारख्या जाणकाराला सांगावे लागू नये. भीमपलासी आणि बागेश्री दोन्ही काफी थाटातले, तरी त्यांचे चलन, म्हणजे स्वरांची ठरलेली चाल, निराळे. डोरियन स्वरावलीला असे ठरलेले चलनच नाही. शिवाय ‘सो व्हॉट’ बत्तीस मापांची (ठेक्याच्या समान तुकड्यांची) आहे. पहिली सोळा मापे एका आधारस्वरावर जातात, पुढची आठ अर्ध्या स्वराने वर सरकतात आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी येतात. म्हणजे ज्या षड्जावर आपला तंबोरा अढळ राहतो, तो इथे मधल्या आठ मापांपुरता सरळ उचलून ठेवला जातो. त्या सरकण्यातच या रचनेचा प्राण आहे, आणि काफी ऐकण्याच्या तयारीने बसलेल्या कानाला तो केवळ धक्का वाटेल.

१९५९ मध्येच मुद्रित झालेले कोलट्रेन यांचे ‘जायंट स्टेप्स’ ऐका. तिथे स्वरकेंद्र तीन ठिकाणी, तेही विलक्षण वेगाने फिरत राहते. टॉमी फ्लॅनगन यांच्यासारख्या पियानोवादकाचे बोटही त्या ध्वनिमुद्रणात अडखळलेले ऐकू येते. हे सौंदर्य रागाच्या मापात बसत नाही म्हणून आपण ते कमी लेखणार काय?

माझ्या मते आपल्या श्रोत्याला सर्वांत अनोळखी, आणि म्हणून सर्वांत मोलाची, गोष्ट वेगळीच आहे. २५ जून १९६१ रोजी पियानोवादक बिल एव्हन्स यांचे त्रिकूट न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये वाजले. त्यात स्कॉट लाफारो यांचा बास पियानोची साथ करीत नाही, तो पियानोशी बोलतो, कधी त्याचे वाक्य मध्येच तोडतो, कधी एव्हन्स गप्प होतात आणि त्याला बोलू देतात. मुख्य गायक आणि साथीदार अशी आपल्या मनात रुजलेली उतरंड तिथे नाही. लाफारो त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेले, वय पंचवीस. ते ध्वनिमुद्रण मला आजही सलग ऐकवत नाही.

इंदोऱ्याचा वाचक

आपण दोघेही स्वरांविषयीच बोलत आहात. हे संगीत गुलामगिरीतून आलेल्या माणसांच्या ब्लूजमधून (त्यांच्या दुःखाच्या गाण्यांतून) उभे राहिले, हे त्यात कुठेच येत नाही. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिरू न देण्यासाठी अमेरिकेतील अर्कान्सास राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी सैनिक उभे केले. त्यावर जॅझ बासवादक चार्ल्स मिंगस यांनी ‘फेबल्स ऑफ फॉबस’ रचले. १९५९ च्या अल्बममध्ये ते शब्दांविना आले आणि शब्दांसह १९६० मध्ये दुसऱ्या कंपनीकडे मुद्रित झाले. दीक्षाभूमीच्या या शहरात जलशांची आणि भीमगीतांची परंपरा आहे. गाणे माणसाची मान ताठ करते, हे आमच्या वस्तीत कोणाला समजावून द्यावे लागत नाही. त्या वाटेने आलेल्या श्रोत्याला काफी थाट ठाऊक नसला, तरी मिंगस कळतो. धाग्यातील ‘आपला श्रोता’ म्हणजे फक्त ख्यालाचा श्रोता, हे गृहीतच मला मान्य नाही.

सदर शॉर्टवेव्ह

माझे वडील रात्री शॉर्टवेव्हवर विलिस कोनोव्हर यांचा व्हॉईस ऑफ अमेरिकावरील जॅझचा कार्यक्रम ऐकत. त्यांना ना राग कळत होता, ना कॉर्ड. तरी ऐकता ऐकता कान तयार झाला. म्हणून प्रवेशद्वार कोणते, हा वाद मला गौण वाटतो. मात्र सर्वांचीच उदाहरणे साठ वर्षांपूर्वीची आहेत, याची खंत वाटते. जॅझवादक रुद्रेश महंतप्पा यांनी कर्नाटक संगीताच्या कद्री गोपालनाथांबरोबर केलेला ‘किन्समेन’ (२००८) हा अल्बम ऐकावा. एकाच वाद्यावर, सॅक्सोफोनवर, कर्नाटक गमक (स्वर हेलकावत वाजवण्याची रीत) आणि जॅझची उच्चाररीत शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि कोणीही दुसऱ्यासारखे वाजवायला जात नाही. २०२१ च्या ‘प्रॉमिसेस’ या अल्बममध्ये ऐंशी वर्षांचे सॅक्सोफोनवादक फेरो सँडर्स एका छोट्या, सतत परतणाऱ्या स्वरवाक्यावर किती कमी वाजवतात, तेही ऐकावे.

धंतोलीकर (धागाकर्ते)

उत्तररात्र, षड्ज सरकण्याचा आपला मुद्दा मी मान्य करतो. ती आठ मापे मी आजवर एक वळण म्हणूनच ऐकत आलो. थाटाची तुलना मात्र मी मागे घेत नाही, कारण ती ओळखीपुरती आहे.

इंदोऱ्याचे वाचक, आपले म्हणणे मला लागले. कोलट्रेन यांची ‘अलाबामा’ ही रचना मी कितीतरी वर्षे आलापासारखी ऐकली: खाली पियानोची खर्जातली घरघर, सुरुवातीला ठेका नाही, वर सॅक्सोफोनचे संथ, जड स्वर. सप्टेंबर १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या, तो शोक त्यामागे आहे, हे मला फार उशिरा कळले. काल रात्री ती पुन्हा लावली. स्वर तेच होते, पण मला त्यात राग शोधता आला नाही.