पा-स्ता की पास्-ता? इटालियन शब्दांची फोड जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आम्ही गेल्या वर्षापासून तोरिनोत राहतो. लेक पहिलीत गेली आणि तिच्याबरोबर मीही. तिच्या वर्गात शब्दाचे तुकडे पाडून, एकेका तुकड्याला टाळी वाजवत म्हणायला लावतात. परवा घरच्या अभ्यासात 'पास्ता' आला. मी बिनधास्त 'पास्-ता' सांगितलं. वहीवर लाल रेघ! उत्तर 'पा-स्ता'.

बरं, सगळीच जोडाक्षरं पुढे ढकलावीत, तर 'गात्तो' (मांजर) मात्र 'गात्-तो', 'पोर्ता' (दार) 'पोर्-ता', आणि 'लिब्रो' (पुस्तक) पुन्हा 'लि-ब्रो'. आपल्याकडे वृत्तं शिकताना जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, विषय संपला. त्या हिशेबाने मला हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात.

उच्चाराचं कोडं वेगळंच. 'नोन्नो' म्हणजे आजोबा, 'नोनो' म्हणजे नववा. द्वित्ताची आपल्याला भीती नाही, पत्ता-पक्का रोजचंच. माझा 'नोन्नो' लेकीला चालतो, पण 'नोनो' म्हटलं की म्हणते, "आई, पहिला नो लांबव ना!" 'कासा' (घर) म्हणताना ती 'का' लांबवते, हे ठीक. मग 'पा-स्ता'मधला सुटा 'पा' ती आखूड का म्हणते? नियम खरा की तिचं तोंड?

(आघात कुठे द्यायचा यावर वेगळा धागा काढेन, एका वेळी एकच डोकेदुखी.)

प्रतिसाद:
ताई, त्या जोडाने इटालियन शब्द सुरू होऊ शकतो का, एवढं बघा. 'स्तेल्ला' (तारा), 'ब्रावो' असे शब्द आहेत, म्हणून स्त आणि ब्र फोडायचे नाहीत. त्त किंवा र्त शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, तिथे खुशाल तोडा. 'बान्यो' (न्हाणीघर) लिहिताना मध्ये जी आणि एन दिसतात, पण तो एकच ध्वनी, म्हणून 'बा-न्यो'.
तुमचा कानही खोटा नाही. बोलताना 'पास्ता'तला स मागच्या 'पा'ला टेकतो, म्हणून तो आखूड. 'पा-स्ता' ही लिहिण्याची रीत, ओळीच्या शेवटी शब्द तोडायलाही हीच वापरतात. वहीत रीत पाळा, बोलताना लेकीचं ऐका.

मूळ धागाकर्ती:
आभारी आहे! उद्याच्या पानावर 'आक्क्वा' (पाणी) आहे. त्यात सी आणि क्यू शेजारी आलेत, मी त्यांच्या मधोमध तोडतेय: 'आक्-क्वा'. चुकलं तर लाल रेघेसकट परत येते.