अण्णांचा हात कितपत सुधारेल, हे ईईजीवरून कळतं का?

कृष्णाकाठ: अण्णांना (वय ६८) परवा स्ट्रोक झाला. उजवा हात लुळा आहे, बोलणं अडखळतं. सीटी परफ्युजन (मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) झालंय, आता डॉक्टर ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढू म्हणतात. ईईजी आकडी येणाऱ्यांचा असतो ना? मावशीचं मत, ‘उगाच बिल वाढवतायत.’ रक्तप्रवाह आणि मेंदूच्या लहरी मोजून हाताचं भवितव्य खरंच सांगता येतं का?

लहरीबाबा: ईईजी टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही, पण रोज हेच बघतो. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. ते २५-३० पर्यंत घटलं की लहरी बिघडायला लागतात. २० च्या खाली पेशी गप्प होतात, पण लगेच मरत नाहीत. १० च्या खाली मात्र फार वेळ टिकत नाहीत. मधला तो गप्प पण जिवंत भाग म्हणजे पेनंब्रा. परफ्युजनमध्ये त्या घडीला रक्त कुठे कमी पडतंय ते दिसतं, आणि ईईजीत उरलेल्या पेशी आज काय करतायत ते. मार बसलेल्या बाजूला संथ डेल्टा लहरी वाढतात, त्याहून वेगवान अल्फा लहरी घटतात. डेल्टा जितक्या वरचढ आणि दोन बाजूंत जितका फरक, तितकी सुधारणा कमी, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण ते गटाचं गणित. एकट्या अण्णांचा टक्का त्यावरून कुणी ठामपणे सांगायला लागलं, तर मी तरी मानणार नाही.

आणि हो, डोक्याला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. तपासणीत डुलकीही नको, झोपेतही डेल्टा येतातच.

फिजिओ_मीनल: दादा, मशीनच्या आधी खांदा आणि बोटं बघा. २०१० च्या एका डच अभ्यासात ७२ तासांच्या आत ज्यांना हात खांद्यातून बाजूला नेता आला आणि बोटं थोडी तरी उघडता आली, त्यांच्यात सहा महिन्यांनी हात काही प्रमाणात वापरता येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही न जमणाऱ्यांत २५. फुकटातली तपासणी आहे.

कृष्णाकाठ: बोटं किंचित उघडतात, खांदा नाही. मग?

फिजिओ_मीनल: मग टीएमएसबद्दल विचारा. डोक्यावर चुंबकीय ठोका देऊन हातापर्यंत संदेश पोचतो का, ते बघतात. सगळीकडे ही सोय नसते. आणि अण्णांना उठवताना तो हात धरून कुणी ओढू नका, मावशींनाही सांगा. खांदा दुखावला की व्यायामच थांबतो.