‘अभाव हाच खरा गुरू’ हे मला मान्य नाही

द्विशिक्षकी (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात ‘प्रवासी नागपूरकर’ यांनी रामटेक तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत वह्या वाटून आल्याचा अनुभव येथे लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या मुलांच्या पायात चप्पल नव्हती त्यांच्या डोळ्यांत शिकण्याची जी भूक दिसली ती आपल्या सुखवस्तू मुलांत दिसत नाही, आणि म्हणून अभाव हाच खरा गुरू आहे. त्याखाली कौतुकाची रीघ लागली. मी १९ वर्षे अशाच शाळांत शिकवतो आहे आणि ते वाचून मला अतिशय वाईट वाटले, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या मुलांची उत्सुकता खरी आहे, हे मी सर्वांत आधी मान्य करतो. मात्र ती अभावाने दिलेली नाही. मुले ती घरूनच घेऊन येतात, आणि अभाव ती आमच्या डोळ्यांसमोर खाऊन टाकतो. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तेव्हा पहिलीतले मूल दिवसभर प्रश्न विचारत असते. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारले होते, “गुरुजी, उन्हाळ्यात विहिरीतलं पाणी कुठी जाते?” त्या दिवशी माझे सहकारी शाळेत होते, म्हणून मी तिला आणि तिच्याबरोबर सगळ्या वर्गाला विहिरीपर्यंत नेऊ शकलो. पुढच्या महिन्यात सहकाऱ्यांना मतदार यादीचे काम लागले, चारही वर्ग एकट्या माझ्याकडे आले, आणि तीच मुलगी हात वर करायची तेव्हा मी तिला “थांब, नंतर” असे सांगत राहिलो. तिने आणखी काही दिवस हात वर केला आणि मग सोडून दिला. तिसरीत ती सर्वांत शिस्तीची मुलगी म्हणून ओळखली जाऊ लागली. पाहुणे आले की आम्ही तिलाच पुढे बसवत असू.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात. वर्ग चार किंवा पाच असतात. त्यातला एक शिक्षक बाहेर गेला, की एका मुलाच्या प्रश्नाला दिवसातून किती मिनिटे उरतात, हे वह्या वाटणाऱ्यांनी एकदा मोजून पाहावे.

धरमपेठ:
गुरुजी, तुमची तळमळ समजते, पण तुम्ही एका चांगल्या माणसाच्या चांगल्या भावनेवर उगाच तुटून पडला आहात. माझे वडील भिवापूरकडच्या खेड्यात चिमणीच्या उजेडात शिकले, सुट्टीत मिरची तोडायला जात, आणि त्या मजुरीतून पुस्तके घेत. पुढे ते अभियंता झाले. पुस्तक मिळाले की ते त्याला आधी नमस्कार करीत, हे मी स्वतः पाहिले आहे. माझ्या मुलीच्या खोलीत दोन कपाटे पुस्तके आहेत आणि ती एकाला हात लावत नाही. हा फरक अभावाचा नाही तर कशाचा?

द्विशिक्षकी:
आपल्या वडिलांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण त्यांच्या वर्गात आणखी किती मुले होती आणि त्यांपैकी किती जण पुढे शिकले, हे आपण त्यांना कधी विचारले होते का? मिरची तर ती सगळीच तोडत असणार. अभाव सगळ्यांना सारखाच मिळाला असताना एकच अभियंता झाला असेल, तर त्याचे श्रेय अभावाला देता येत नाही.

धरमपेठ:
विचारले होते. त्या वर्गातले मॅट्रिकपर्यंत दोघेच पोहोचले. तुमचा मुद्दा इथे बरोबर आहे असे म्हणावे लागेल, पण माझ्या मुलीबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

निवृत्त केंद्रप्रमुख:
दोन्ही बाजूंनी भावनाच जास्त आहे. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतील पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्केच मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. शिकण्याची एवढी भूक असती तर हा आकडा असा आला नसता. मी ३१ वर्षे या खात्यात काढली. मुले शाळेत येतात त्यात खिचडीचा आणि घराला लागलेल्या कुलपाचा वाटा मोठा असतो. आई-वडील सकाळी सातलाच धानाच्या रोवणीला किंवा कापसाच्या वेचणीला निघून जातात, मग मूल शाळेखेरीज जाणार कुठे? आणि मतदार यादीच्या कामाबद्दल सांगायचे तर, शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यावर जी बंदी आहे, तिच्यातून कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे वगळलेली आहेत, तेव्हा त्यात बेकायदेशीर काही नाही.

द्विशिक्षकी:
ते बेकायदेशीर आहे असे मी कुठेही लिहिलेले नाही. मुलीने हात खाली घेतला, एवढेच लिहिले आहे. ‘असर’चा आकडा मूल काय वाचू शकले ते सांगतो, त्याला काय वाचायचे होते ते त्या चाचणीत कुणी विचारत नाही. खिचडीसाठी आलेले मूल शिकायला आलेले नसते हेही मला पटत नाही. आपणही शाळेत डबा नेतच होतो.

पारशिवनीचा पालक:
केंद्रप्रमुख साहेबांनी कुलपाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमच्या गावात मुले साडेआठला शाळेच्या फाटकाशी येऊन बसतात. शाळा साडेदहाची आहे. दोन्ही सर नागपूरहून अपडाऊन करतात आणि पावसाळ्यात अकरा वाजल्याशिवाय पोहोचत नाहीत. माझा मुलगा चौथीत आहे, तो त्या दोन तासांत फाटकाबाहेर बसून दुसरीतल्या पोरांना त्याचे जुने पुस्तक वाचून दाखवतो. हे त्याला कुणी सांगितलेले नाही. मुलांची उत्सुकता कुठे जाते हे शोधायला अहवाल कशाला हवा? ती रोज अडीच तास फाटकाबाहेर बसते आणि शिक्षक मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहण्याचे दाखले देऊन घरभाडे घेतात.

निवृत्त केंद्रप्रमुख:
हा आरोप सरसकट करू नये. मात्र शिक्षक गावातच राहतात असे ग्रामसभेचे ठराव कसे मिळवले जातात हे मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मी नोकरीत असताना बोललो नाही, हेही खरे आहे.

कुहीची मॅडम:
इतका वेळ फक्त वाचत होते, आता राहवत नाही. मी अपडाऊन करते. पालक भाऊ, तुम्हाला त्याचे कारण ऐकायचे असेल तर ऐका. नेमणूक झाली तेव्हा मी गावात राहायचे ठरवूनच गेले होते, सामानाची पेटीही घेऊन गेले होते. पाच घरी खोली विचारली. दोन घरी शौचालय नव्हते. उरलेल्या तीन घरी खोली दाखवण्याआधी आडनाव विचारले, आडनावावरून कळेना तेव्हा सरळ जात विचारली, आणि कळल्यावर “खोलीत धान ठेवायचे आहे” असे सांगितले. त्या तीनही घरांतली मुले माझ्या वर्गात होती. त्यांना मी चार वर्षे शिकवले आणि त्यांतल्या एकीची नवेगाव खैरीच्या नवोदय विद्यालयात निवड झाली, तेव्हा तिचे वडील पेढे घेऊन शाळेत आले. मी पेढा घेतला. पण मुख्यालयी का राहत नाही, हा प्रश्न मला त्या गावाने विचारू नये.

पारशिवनीचा पालक:
मॅडम, आमच्या गावात असे होत नाही.

कुहीची मॅडम:
तुमच्या गावात कुणी खोली मागून पाहिली आहे का?

पारशिवनीचा पालक:
दोन्ही सरांनी कधी मागितली नाही. तुम्ही म्हणता तशी कुणी मागितली असती तर काय झाले असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मॅडम, यात माझ्या मुलाचा काय दोष? तुम्हाला गावाने खोली दिली नाही, म्हणून त्याने फाटकाबाहेर बसायचे का?

धरमपेठ:
मूळ विषय मुलांच्या उत्सुकतेचा होता, तो घरभाड्यावर आणि जातीवर कधी गेला?

कुहीची मॅडम:
विषय तोच आहे. ज्या मुलीला मी वाचायला शिकवले, तिने तिच्या दारातून मला परत जाताना पाहिले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची शिकण्याची इच्छा परत आणायला मला पहिले सहा महिने लागले. अभाव म्हणजे फक्त चपलेचा अभाव, असे तुम्ही धरून चालला आहात.

आणि वेचणीचेही सांगते, कारण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझा अर्धा वर्ग कापसात असतो. १९९२ साली सरकारने दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीसाठी दिवसाला १ रुपया भत्ता ठरवला. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात आणि मुलीच्या हाताला चार किलो सहज येतात. आईने त्या रुपयाकडे बघून मुलीला शाळेत पाठवावे, अशी अपेक्षा कुणी केली असेल तर त्याने आईचा हिशेब कधी पाहिलेला नाही. तरीही माझ्या दोन मुली सकाळी वेचणी करून, बोंडांनी ओरखडलेल्या हातांनी दुपारी शाळेत येत. मला त्या हातांचे कौतुक करवत नाही. त्यांना दुपारी गणित समजत नव्हते, कारण त्या दमलेल्या असत.

प्रवासी नागपूरकर:
ज्या लेखावर ही चर्चा चालू आहे तो माझा आहे. पहिले दोन दिवस मला राग आला होता, म्हणून उत्तर दिले नाही. मी ४० वह्या घेऊन गेलो होतो, एक तास थांबलो आणि जे दिसले ते मनापासून लिहिले. त्या मुलांबद्दल मला प्रेम वाटले, ते खोटे नव्हते. मात्र मॅडमनी हातांबद्दल लिहिले ते वाचल्यावर, माझ्या लेखातले ‘अभाव हाच खरा गुरू’ हे वाक्य मी आज पुन्हा लिहिणार नाही. बाकीचा लेख मी मागे घेत नाही. गुरुजी, तुम्हाला वह्या नको असतील तर काय हवे, ते सांगा.

द्विशिक्षकी:
वह्या हव्याच आहेत, त्यांना मी नाही म्हटलेले नाही. पण पुढच्या वेळी छायाचित्रकाराला सोबत आणू नका, साध्या बुधवारी या आणि दिवसभर थांबा. माझ्या दुसरीत ११ मुले आहेत. प्रत्येकाजवळ १५ मिनिटे बसा, त्याला वाचू द्या, तो अडेल तिथे थांबा आणि त्याने काही विचारले तर उत्तर द्या. उत्तर येत नसेल तर तसे त्याला सांगा. हे काम मी एकटा एका दिवसात करू शकत नाही.

धरमपेठ भाऊ, आपल्या मुलीबद्दल मी टाळले नव्हते, मला नेमके सुचत नव्हते. तीही पहिलीत प्रश्न विचारत असेल. तेव्हा तिला कोण उत्तर देत होते, हे मला माहीत नाही.

धरमपेठ:
बहुतेक वेळा कुणीच नाही. आम्ही दोघेही नोकरीवर असायचो आणि कपाट भरत होतो.

पारशिवनीचा पालक:
मला फाटकाचे सांगा. शाळेची एक किल्ली गावात ठेवता येते का? पोषण आहार शिजवणाऱ्या ताई नऊला येतात, त्या उघडू शकतील.

निवृत्त केंद्रप्रमुख:
शाळेची मालमत्ता आणि मुलांची सुरक्षितता ही मुख्याध्यापकाची जबाबदारी असते. त्या वेळात एखादे मूल पडले तर उत्तर त्यालाच द्यावे लागेल, म्हणून कोणताही मुख्याध्यापक आपणहून किल्ली देणार नाही. शाळा व्यवस्थापन समितीने लेखी ठराव केला आणि दोन पालकांनी पाळीपाळीने थांबण्याची जबाबदारी घेतली, तर मुख्याध्यापकाला नाही म्हणणे अवघड जाईल. मी पदावर असताना असा ठराव माझ्याकडे कधी आला नाही. आला असता तर मी बहुधा त्रुटी काढून परत पाठवला असता.

पारशिवनीचा पालक:
समितीची सभा शनिवारी आहे. विषय मांडतो. पाळीसाठी सोमवार आणि मंगळवार मी घेईन, पण सध्या रोवणीचे दिवस आहेत, बाकीच्या दिवसांना कुणी मिळेल असे आज तरी वाटत नाही. मॅडम, शनिवारी गावात एखाद्या खोलीचाही विषय काढू का?

कुहीची मॅडम:
काढा. पण आधी घरमालकांशी बोलून घ्या, आणि कोण काय म्हणाले ते इथे नावे न घालता लिहा.