प्लेग्रुप सुरू झाल्यापासून सर्दी, खोकला, ताप सुटतच नाही

रानजाई:
मुलगी पावणेतीन वर्षांची, वजन 12 किलो. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला तेव्हापासून नाक वाहतंच आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, खोकला रेंगाळतो, आणि तो जायच्या आत पुढची सर्दी हजर. आता वर्गातून हॅन्ड-फूट-माउथचा (तापासोबत हात, पाय, तोंडात फोड येतात तो विषाणूचा आजार) निरोप आलाय. ताप नसतो तेव्हा खेळते, जेवते, वजनही घटलेलं नाही. सरकारी लसी सगळ्या झाल्या आहेत. प्रतिकारशक्तीच्या तपासण्या करून घ्याव्यात का? तापाच्या औषधाच्या घरात दोन बाटल्या आहेत, 125 ची आणि 250 ची, त्यातलं किती द्यायचं? आणि बरी झाल्यावर परत कधी पाठवायचं? सासूबाईंचं म्हणणं, यंदा शाळाच बंद करा.

औषधपेटी:
आधी बाटल्यांचं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही. एका वेळी किलोमागे 15 मिग्रॅ, म्हणजे 12 किलोला 180 मिग्रॅ. 125 च्या बाटलीत 5 मिलीमध्ये 125 मिग्रॅ असतं, त्यातलं 7 मिली. 250 च्या बाटलीतलं साडेतीन मिली. दोन डोसमध्ये सहा तास, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. जुनी बाटली संपली, दुकानातून 250 ची आली आणि सवयीने 7 मिलीच दिलं, तर प्रत्येक वेळी जवळपास दुप्पट औषध पोटात जातं. दोन-तीन दिवस असं चाललं तर यकृतावर येतं. एकच बाटली ठेवा, दुसरी फेकून द्या.

घरातला चमचा वापरू नका, तोंडाने औषध द्यायची 5 मिलीची सिरिंज घ्या. बाटली दर वेळी नीट हलवा. हे औषध तळाशी बसतं, त्यामुळे न हलवता दिलं तर वरचे डोस पातळ आणि शेवटचे कडक होतात. ताप आला म्हणून सर्दीचं मिश्र सिरप जोडीला देत असाल तर त्याचं लेबल वाचा. पुष्कळांत पॅरासिटामॉल असतंच, मग नकळत डबल होतं. आणि पावसाळ्यात डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही तापाची दुसरी औषधं मनाने देऊ नका. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बालरोग_नाशिक:
ताई, वजन घटत नाहीये आणि मधल्या दिवसांत पोर खेळतंय, या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. नुसत्या 'प्रतिकारशक्ती'च्या नावाखाली होणाऱ्या रक्ततपासण्यांची गरज दिसत नाही.

नव्याने गटात जाणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. एकेक सर्दी आठ-दहा दिवस आणि खोकला तीन आठवड्यांपर्यंत. आपल्याकडे शाळा भरते तीच पावसाच्या तोंडावर, त्यामुळे बहुतेक आजारपणं जून ते फेब्रुवारीत कोंबली जातात आणि मूल कायम आजारीच आहे असं वाटतं. रायनोव्हायरस या सर्दीच्या एकट्या विषाणूचेच शंभरावर प्रकार आहेत आणि एकाशी ओळख झाली म्हणून दुसरा थांबत नाही. शरीर हे शिकतंय, त्याला वेळ लागतो. सासूबाईंना हेही सांगा की शाळा पुढे ढकलली तर हीच सर्दी पुढच्या वर्षी येते. लवकर गटात गेलेल्या मुलांना पहिली-दुसरीत तुलनेने कमी सर्दी होते.

तपासणी कधी? वर्षात दोन न्यूमोनिया, चार किंवा जास्त वेळा कान फुटणं किंवा कानाचा संसर्ग, वारंवार खोलवर गळवं, वयाच्या पहिल्या वर्षानंतरही तोंडात पांढरी बुरशी टिकून राहणं, किंवा वाढीच्या तक्त्यावर वजन-उंचीची रेघ खाली वळणं. यातलं काही असेल तर जरूर शोध घ्या. चेहरा फिका, माती खाते, दूधच पिते आणि जेवण नाही, असं असेल तर हिमोग्लोबिन बघा. हे फार वेळा सुटून जातं.

शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून अँटिबायोटिक लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तसा होतोच. ताप उतरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा उसळला, कान धरून रडते, किंवा दहा दिवस उलटले तरी सर्दीला उतार नाही, तर दाखवा.

धाप ओळखायची असेल तर ती झोपलेली असताना, ताप उतरलेला असताना, फ्रॉक वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. या वयात मिनिटाला 40 किंवा जास्त म्हणजे जलद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास अनियमित असतो आणि आकडा चुकतो. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर, पाणीही घेत नाही, सहा-आठ तास शू नाही, किंवा हाक मारली तरी ग्लानीतच आहे, तर रात्र असो वा दिवस, लगेच रुग्णालय गाठा.

तापात झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही घालू नका, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांपुढे गेला तर लगेच रुग्णालय.

लसींचं: सरकारी वेळापत्रकात कांजिण्या, गालगुंड आणि फ्लूची लस नाही. फ्लूची पहिल्यांदा देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दरवर्षी एक, शक्यतो पावसाआधी. कांजिण्यांचे दोन डोस राहिले असतील तर आता घ्या.

बाराखडी:
वर्गाच्या बाजूने लिहिते, कारण निम्मं काम तिथलं आहे. बेसिनशी टांगलेला एकच सामायिक टॉवेल आधी काढायला सांगा. सगळी मुलं त्यालाच हात आणि नाक पुसतात. गणवेशाला पिनेने लावलेला रुमालही तसाच, दिवसभर ओला राहतो. त्याऐवजी टिश्यू आणि झाकणाचा डबा. तोंडात घातलेली खेळणी एका वेगळ्या टोपलीत, धुतल्याशिवाय परत मांडायची नाहीत.

हॅन्ड-फूट-माउथच्या विषाणूवर सॅनिटायझर कमी पडतो, साबण-पाणीच हवं, वीस सेकंद. लंगोट बदलणाऱ्या मावशींचे हात तर आधी. हा विषाणू पोर बरं झाल्यावरही काही आठवडे शीतून बाहेर पडतो. घसरगुंडी, दाराच्या कड्या, पॉटी सीट यांना 5 टक्के ब्लीचचं 20 मिली एक लिटर पाण्यात मिसळून लावा, दहा मिनिटं राहू द्या, मग पुसा. हे टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

परत पाठवायचं ते असं: औषध न देता 24 तास ताप नाही. जुलाब थांबून निदान एक दिवस. कांजिण्यांचे सगळे फोड खपली धरल्यावर. हॅन्ड-फूट-माउथमध्ये ताप गेला, लाळ गळणं थांबलं आणि फोड सुकले की. नुसतं नाक वाहतंय म्हणून घरी ठेवलं तर वर्षभर घरीच राहील.

रानजाई:
रात्री खोकून उलटी काढते. कफ सिरप द्यायचं की नाही? घरात कापूर-ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवायला सांगताहेत, वाफही द्यायची म्हणतात.

बालरोग_नाशिक:
कफ सिरप नको. मध्य प्रदेशात छिंदवाड्यातल्या डायथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने भेसळलेल्या सिरपच्या प्रकरणानंतर, ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखाली देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा नयेत. शुद्ध सिरपही या वयात सर्दी लवकर बरी करत नाही, फक्त पेंगवतं.

झोपायच्या आधी अर्धा छोटा चमचा मध द्या. वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही, तुमच्या मुलीला चालेल. जेवणाआधी दहा मिनिटं आणि झोपताना प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन-तीन थेंब टाका. नाक मोकळं झालं की घशात उतरणारा शेंबूड कमी होतो आणि खोकून होणारी उलटीही. रात्रीचं जेवण झोपण्याच्या दीड-दोन तास आधी आटपा.

ओवा ठीक, पण कापूर नको. या वयात तो चुकून गिळला तर झटके येतात. पातेल्यातली वाफ तर अजिबात नको, अंगावर सांडून भाजलेली मुलं दर पावसाळ्यात येतात. नाकात तेल सोडू नका, ते फुफ्फुसात उतरतं.

सर्दी नसतानाही पळल्यावर, हसल्यावर किंवा पहाटे खोकला येत असेल, किंवा छातीतून शीळ ऐकू येत असेल, तर हे नुसतं सर्दीपडशाचं नाही. तेव्हा स्पेसरमधून (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) इन्हेलरचा विचार होतो. भेटीला येताना खोकल्याचा मोबाईलवर व्हिडिओ घेऊन या, त्यात छाती उघडी दिसू द्या.

औषधपेटी:
एक राहिलं. जुलाब सुरू झाले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं 200 मिलीचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकू नका, क्षार जास्त होतात. दर पातळ शीमागे 100 ते 200 मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. जोडीला झिंक 20 मिग्रॅ रोज, 14 दिवस, जुलाब आधी थांबले तरी पूर्ण करायचं. पूर्वी नुसत्या 'ओआरएस' नावाने मिळायचे तसले गोड टेट्रापॅक घेऊ नका, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघून घ्या.