ट्रायइथाईलअमाईन (टीईए) हे केमिकल चार्ज केल्यावर, म्हणजे रिअॅक्टरमध्ये भरल्यावर, दिव्यांभोवती निळसर वलयं दिसतात, कोणाला अनुभव आहे का?

लोटे एमआयडीसीत एका बल्क ड्रग (औषधांचा कच्चा माल) प्लांटला नवीन लागलोय, प्रॉडक्शनला. आमच्याकडे टीईए ड्रममधून रिअॅक्टरला घेतात. सडक्या माशासारखा वास सुटतो, त्याची तर सवय झाली, पण ज्या दिवशी चार्जिंग असतं त्या दिवशी शिफ्ट संपेपर्यंत सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं आणि घरी जाताना समोरच्या गाडीच्या लाईटला निळं वलय. सकाळी उठलं की साफ. सिनियर म्हणतात होतं असं, काही नाही. खरंच काही नाही का?

रिअॅक्टरवाला
अरे, होतं असं हे बरोबर, पण काही नाही हे चूक. वाफेने बुबुळावरचा पारदर्शक पडदा सुजतो म्हणून तसं दिसतं, बहुतेक वेळा काही तासांत उतरतं. पण त्याचा अर्थ वाफ तुझ्या तोंडावर येतेय. त्या दिवशी बाईक अजिबात चालवू नकोस, कंपनीच्या बसने जा, आणि डॉक्टरांना केमिकलचं नाव सांगून डोळे दाखव. द्रव डोळ्यात उडाला तर मात्र डोळा जळतो, जागेवरच आयवॉशला (डोळे धुवायच्या नळाला) निदान १५ मिनिटं पापण्या उघडून धुवायचं, मग दवाखाना. आणि एक सांग, ड्रम रिकामा कसा करता? एअर प्रेशरने ढकलता का?

प्रश्नकर्ता
हो, एअर लावतो. मास्क म्हणजे तो पांढरा धुळीचा.

रिअॅक्टरवाला
एअर आधी बंद करायला लाव!! याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते तो) शून्याच्याही खाली आहे, म्हणजे कोकणातल्या थंडीतसुद्धा ड्रममधली वाफ पेट घेऊ शकते, हवेत साधारण १.२ टक्के झाली तरी पुरे. त्यात तुम्ही हवा भरताय. नायट्रोजन किंवा व्हॅक्यूमने ओढा, डिप पाइप तळापर्यंत, ड्रम आणि रिअॅक्टर दोन्हीला अर्थिंग, आणि क्लिप रंगावर नाही, उघड्या पत्र्यावर. धुळीच्या मास्कने वाफ थांबत नाही, एमएसडीएसमध्ये (केमिकलच्या सुरक्षा माहितीपत्रकात) लिहिलेली मास्कची गॅस कार्ट्रिज मागून घे, गॉगल चारी बाजूंनी बंद असलेला.

सेफ्टी_तळोजा
वरच्याशी सहमत. वाफ हवेपेक्षा साडेतीनपट जड, जमिनीलगत सरकत खालच्या मजल्यावर जाते, त्यामुळे चार्जिंग वरती चालू असताना खाली वेल्डिंगचं परमिट देऊच नये. सांडलं तर पाण्याने गटारात ढकलायचं नाही, आपल्याकडच्या उकाड्यात ते पाण्यात पूर्ण मिसळत नाही, वरती तरंगतं आणि तरंगतानाही पेटतं. वाळू टाकून उचला. कोणी शहाणा सरळ अॅसिड ओतायला निघाला तर त्याला अडवा, जोरात तापतं. पितळेचे व्हॉल्व असतील तर तेही बघा, अमाईन तांब्या-पितळेला खातं आणि गळती तिथूनच सुरू होते.

प्रश्नकर्ता
व्हॉल्व पितळेचाच आहे, देठाशी हिरवट झालाय. उद्या शिफ्ट इन्चार्जकडे फोटो दाखवून लेखी देतो, एअरचं पण त्यातच लिहितो.

सेफ्टी_तळोजा
लेखीच दे, आणि डोळ्यांचा त्रास कोणत्या तारखेला झाला तेही घाल. उद्याचं चार्जिंग व्हॉल्व बदलेपर्यंत थांबवायला सांग.