मालवण सागरी अभयारण्यात मुलांना नेताना पाळायच्या नियमांबाबत मदत हवी आहे

दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतील मुलांना पालकांसह मालवणला नेण्याचे ठरले असून, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करण्याचा सर्वांचा आग्रह आहे. हा परिसर १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात मोडतो, आणि प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्यांचा तुकडाही सोबत आणायचा नाही, हे मुलांना बजावून सांगितले आहे.

मागच्या खेपेस मात्र बोटीवरील मार्गदर्शकाने मासे जमावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे टाकले आणि दमलेल्या पर्यटकांना सरळ प्रवाळावरच उभे राहायला सांगितले. त्यांच्या पायांनी उसळलेली वाळू प्रवाळावर बसताना मी पाहिली, आणि ते अजून मनातून जात नाही. प्रवाळ हा दगड नव्हे, अतिशय सावकाश वाढणारी सजीवांची वसाहत आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो : माशांना खाऊ न घालणारा आणि प्रवाळावर नांगर न टाकणारा बोटवाला आगाऊ पैसे देण्यापूर्वी कसा ओळखावा? एवढ्या मोठ्या गटासाठी वनविभागाची पूर्वपरवानगी लागते का, आणि लागत असल्यास अर्ज कोणत्या कार्यालयात करावा? असे प्रकार पुन्हा दिसल्यास तक्रार नेमकी कोणाकडे नोंदवावी, हेही कृपया सांगावे.