मुलीला शाळेत मिळणारी मदत बदलायला हवी, हे कसे पटवावे?

प्रश्न:
माझी मुलगी पाचवीत असून तिला डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातील अडचण) आहे. दुसरीत ठरलेली मदत, म्हणजे परीक्षेत जादा वेळ आणि विशेष शिक्षिकेचा रोजचा तास, आजही तशीच चालू आहे; परंतु आता ती अक्षरे जुळवताना अडखळत नाही, तर परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. शाळेचे म्हणणे असे की गुण बरे आहेत, मग बदल कशाला?

उत्तर १:
गुणांवरून वाद घालू नका, वह्या समोर ठेवा. मी माझ्या मुलाकडून सारख्याच काठिण्याचे दोन उतारे सोडवून घेतले. त्याने स्वतः वाचलेल्या उताऱ्याची दहापैकी तीन आणि मी वाचून दाखवलेल्याची नऊ उत्तरे बरोबर आली, तेव्हा अडचण समजुतीची नसून वाचनाच्या श्रमाची आहे, हे बैठकीत फारसे न बोलताच स्पष्ट झाले. मागणी मात्र लेखीच द्या.

उत्तर २:
मी विशेष शिक्षिका आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातील २४ वे कलम व्यक्तीच्या गरजेनुसार सोयी देण्याविषयी बोलते. गरज बदलली की सोयही बदलायला हवी. ध्वनिमुद्रित पाठ मागा, पण जादा वेळ लगेच सोडू नका. आणि मुलीलाही विचारा. माझी एक विद्यार्थिनी माझ्या तासाला यायला उठताना दप्तर मुद्दाम वर्गातच ठेवत असे, कारण ते उचलले की सगळे तिच्याकडे वळून पाहत.

प्रश्नकर्ती:
दप्तराचे वाचून थबकले. आमचीही हल्ली तसेच करते.